उजव्या कुशीवर

लोणावळा, ता. २१ नोव्हेंबर १९३७

ती. आक्का,

“तू शिकलीस म्हनून भ्यालीस.”

अठरा वर्षांपूर्वी तू मला हे म्हणालीस. बैलगाडीत पेंढ्यावर आईला निजवलं होतं, तू तिच्या उशाशी बसली होतीस, दाजींनी कासरा ओढला आणि गाडी हलल्यावर माझ्याकडं न बघता तू हे बोललीस. तेव्हापासून आपण बोललो नाही. मी दोन-तीनदा प्रयत्न केला, तू दाद दिली नाहीस, आणि खरं सांगायचं तर पुढं पुढं मला त्याची सोय वाटू लागली. जी बहीण बोलतच नाही तिच्यापाशी काही कबूल करावं लागत नाही.

आज कबूल करायला लिहिते आहे, आणि फार आनंदात लिहिते आहे. दोन्ही एकदम कसं जमलं ते पुढं कळेल.

हे पत्र तुला नंदा वाचून दाखवत असेल. नंदा, चौथी शिकलेली सून तिकोणा पेठेत आली हे कळलं तेव्हा मी इथं शाळेत पेढे वाटले होते. मुलींना कारण सांगितलं नाही. आता तुला एक काम. सासूबाई ‘बास कर’ म्हणाल्या की थांब, पण पत्र चुलीत घालू नकोस. त्या तांदूळ पाखडायला बसल्या की राहिलेलं वाच. हातात सूप असलं की पत्र हिसकावता येत नाही.

आक्का, इथं दिवाळीआधी मुंबईचे एक डॉक्टर केळुसकर राहायला आले. छाती बिघडली म्हणून हवेसाठी आले आहेत, पण स्वस्थ बसणं त्यांना येत नाही. आईला जो तोंडाचा कॅन्सर झाला, त्याच रोगाचा ते अभ्यास करतात. तो कुणाला होतो, होण्याआधी ओळखता येतो का, आणि अंगात पसरतो कसा, हे त्यांना गावोगाव माणसं पाहून शोधायचं आहे. पण बायका परक्या पुरुषापुढं तोंड उघडीनात. म्हणून ते मुलींच्या शाळेत आले आणि मला म्हणाले, “बाई, रविवारी माझ्याबरोबर याल का? वही तुमच्याकडे.”

होय म्हणण्याआधी मी एकच विचारलं, “हा रोग एका ताटात जेवल्यानं लागतो का?”

ते म्हणाले, “नाही. ताटानं नाही, थुंकीनं नाही, जवळ निजल्यानं नाही. वीस वर्षं मी या रोग्यांच्या तोंडात बोटं घालतो आहे. एकाचा दुसऱ्याला लागलेला मी पाहिलेला नाही.”

मी वर्गात जाऊन फळा पुसत बसले. फळा कोराच होता.

नंदाला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. मानमोडीच्या तापाच्या साथीत माझा नवरा चार दिवसांत गेला. माझी लेक शालू तेव्हा सव्वा वर्षाची होती. त्या वेळी घरोघर एक छापील पत्रक वाटलं होतं: आजाऱ्याचं ताट-तांब्या वेगळा ठेवा, अंथरूण वेगळं ठेवा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. चाळीत वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळं ते मला पाठ झालं होतं. पुढच्या वर्षी आई गालात जखम घेऊन माझ्याकडं आली, आणि मी तेच पत्रक तिला लावलं. मानमोडीचं पत्रक होतं, मानमोडीपुरतं खरं होतं. मी आईचं ताट पडवीत मांडलं. शालूला तिच्या मांडीवर बसू दिलं नाही. तू आलीस, बघितलंस, पडवीत आईच्या ताटाशी बसलीस आणि त्याच ताटातला भात खाल्लास. मग गाडी जुंपायला सांगितलीस.

आईचे शेवटचे सात महिने तुझ्याकडं गेले.

तू बरोबर होतीस. मुलींची चुकलेली गणितं मी तांबड्या शाईनं दुरुस्त करते. हे वाक्य मी तांबड्या शाईनं लिहिलं आहे, नंदा, सासूबाईंना दाखव.

तुझी
कस्तुरा

लोणावळा, ता. १२ डिसेंबर १९३७

ती. आक्का,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे तू शेवटपर्यंत ऐकलंस. अर्ध्यात थांबवलं असतंस तर शिव्या लिहून आल्या असत्या.

आमच्या कामात आता तिसरी आहे हुस्नबानो. बाजारात तिच्या नवऱ्याचं, राजमहंमदचं, बांगड्यांचं दुकान आहे. दुकानात तो बसतो, गावं ही फिरते. पहिल्या दोन रविवारी आम्हाला एकाही बाईनं तोंड दाखवलं नव्हतं. हुस्नबानो मला म्हणाली, “बाई, तुमी वही उघडता म्हनून त्या तोंड मिटत्यात. मला संगं घ्या. हात माज्या हातात आला की बाई बोलतीच. आन् बांगडी चढताना दुकतं, तवा तोंड आपसूक उघडतं.”

तसंच झालं. आता ती ओट्यावर बांगड्या भरते, मी शेजारी वही घेऊन बसते, डॉक्टर दहा पावलांवर पाठ करून उभे राहतात आणि मी खूण केली की आरसा घेऊन येतात. मळवलीला एक म्हातारी मला म्हणाली, “काय वं मास्तरीनबाई, सरकार आता तंबाखूवर बी पट्टी बशिवनार का?”

हुस्नबानो म्हणाली, “सरकारला तुजी दाढ बगायचीया.”

“बगू दे. तेवढी एकच ऱ्हायलीया.”

त्याच म्हातारीनं डॉक्टरांना पकडलं. ते पाठ करून सिगारेट ओढत होते. “आमचं तोंड बगताय, आन् तुमच्या तोंडातनं धूर निगतोय त्यो कसला?” हुस्नबानोनं मला लगेच लिहायला लावलं: क्रमांक त्रेचाळीस, केळुसकर, पुरुष, वय पन्नास, धूर, बावीस वर्षं. डॉक्टरांनी निमूट सही केली. परवापासून ते सिगारेट अर्धीच ओढून विझवतात आणि उरलेल्या अर्धीकडं बघत बसतात.

काय दिसतंय ते सांगते. ज्या बायका तंबाखूची चिमूट दाढेला धरतात, त्यांच्यात बऱ्याचजणींच्या गालात आतून पांढरा चट्टा असतो, वाळलेल्या दुधाच्या सायीसारखा. ज्या धरत नाहीत, त्यांच्यात जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणतात, चट्टा म्हणजे रोग नव्हे, पुढं होईल त्याची वर्दी. काही चट्टे तंबाखू सोडली की विरतात. काही कडक होतात आणि तिथं रोग धरतो. मग तो तोंडातून जबड्याखालच्या गाठींत उतरतो. गाठींत पोचायच्या आधी गाठला तर माणूस बरा होतो. ऐकतेस ना? बरा होतो. आईच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं.

हुस्नबानोच्याही गालात चट्टा निघाला, चिंचोक्याएवढा. आरशात बघून ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, “बगा की, मी गावाला सांगत फिरते आन् माजंच घर जळतंय.” चंचीतली तंबाखू तिनं ओढ्यात सोडली. आता चंचीत बडीशेप असते.

पण आमची वही जुळत नाही. बासष्ट बायकांत चौदाजणींना चट्टा. त्यांतल्या नऊजणी सांगतात, चिमूट डाव्या दाढेला धरतो. आणि चट्टा उजव्या गालात! डॉक्टर हळूच म्हणाले, “बाई, समोरच्या बाईचा उजवा गाल तुमच्या डाव्या हाताला येतो.” मला राग आला. सोळा वर्षं मुलींना डावं-उजवं शिकवते मी. पुढच्या रविवारी हुस्नबानोनं प्रत्येकीच्या उजव्या हातात एक लाल बांगडी जास्त भरली, ती बघून मी पुन्हा सगळं लिहिलं. तेच आलं. चूक माझी नाही. मग कुणाची, ते कळत नाही, आणि न कळण्यात मला इतकी मजा कधी आली नव्हती.

तुझी
कस्तुरा

लोणावळा, ता. २ जानेवारी १९३८

ती. आक्का,

कळलं.

वेहेरगावात एक तरणी बाई बांगड्या भरत होती, मांडीवर पाच महिन्यांचं मूल. मी रोजचंच विचारलं, “चिमूट कुठल्या दाढेला?” ती म्हणाली, “डाव्या.” चट्टा नेहमीसारखा उजवीकडं. मी वही मिटणार, तेवढ्यात हुस्नबानो बांगडी चढवता चढवता म्हणाली, “आन् निजताना गं?”

“निजताना काय इचारायचं? पोर जिकडं आसंल तिकडं.”

“म्हंजी?”

“अगं, पोराकडं तोंड करून निजायचं न्हाई का? त्या कुशीवर झालं की चिमूट आपली त्या गालात घसरती. सकाळपातूर तितंच ऱ्हाती.”

आम्ही कुणालाच हे विचारलं नव्हतं. बायका खोटं बोलल्या नव्हत्या. आम्ही जागेपणाचं विचारलं, त्यांनी जागेपणाचं सांगितलं. दिवसा चिमूट तासाभरात थुंकली जाते, निजल्यावर ती पहाटेपर्यंत एका जागी मुरत राहते. आम्ही त्या नऊजणींकडं परत गेलो. आठजणी उजव्या कुशीवर निजणाऱ्या निघाल्या. डॉक्टरांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, “नऊ बायका म्हणजे शास्त्र नव्हे, नऊशे पाहायला हव्यात. पण बाई, हे माझ्या वीस वर्षांत मला सुचलं नव्हतं.” हुस्नबानो म्हणाली, “तुमी कुटं पोरं निजवलीत?” वहीत आता नवा रकाना आहे: ‘निजताना’. मी रकाना आखताना गुणगुणत होते म्हणे. हुस्नबानोनं सांगितलं, मला कळलंही नाही.

मग घरी येताना टांग्यात एकदम आठवलं. आईची जखम उजव्या गालात होती.

आणि आपल्या घरात ती मधे निजायची. तुझ्याकडं तिची पाठ असायची, माझ्याकडं तोंड. मी शेंडेफळ. तिच्या श्वासाला तंबाखूचा आणि चुन्याचा वास यायचा, तो मला इतका आवडायचा की मी नाक तिच्या ओठांशी नेऊन झोपायची. मी मोठी झाले, लग्न होऊन गेले, तरी तिची कूस तीच राहिली असणार.

म्हणजे रोज माझ्याकडं तोंड करून निजली, त्याच गालात तिला तो रोग झाला. आणि मी तिचं ताट पडवीत मांडलं.

हे तुला सांगितल्यावाचून मला राहवेना. रडत नाही. पण सांगायला दुसरं माणूस नाही. त्या अंथरुणात आपण तिघीच होतो.

तुझी
कस्तुरा

लोणावळा, ता. २३ जानेवारी १९३८

ती. आक्का,

तुझं उत्तर आलं! पाकिटात संक्रांतीचा तिळगूळ आणि टपालानं त्याचा केलेला भुगा. मी तो तळहातावर घेऊन एकेक तीळ खाल्ला. नंदाच्या अक्षरात तुझा आवाज मी वर्गात चाळीस मुलींसमोर ऐकला आणि मोठ्यानं हसले. आता मुली घरी जाऊन काय सांगतील कोण जाणे.

तू लिहवून घेतलंस ते इथं पुन्हा लिहिते, कारण मला ते लिहायला आवडतं आहे:

“गोड बोलायचं कबूल न्हाई, नुसता तीळ हाय. तिला लिव्ह, आई उजव्या कुशीवरच निजायची. ती व्हायच्या आदीपासनं. मी ल्हान व्हते तवा त्या बाजूला मीच व्हते. साळी कांडून कांडून मुसळानं तिचा डावा खांदा धरला व्हता, त्या कुशीवर तिला निजताच येत नव्हतं. तुज्यामुळं काय बी झालं न्हाई. उगं मोठेपना घिऊ नको.”

आक्का, अठरा वर्षांत मला कुणी इतकं सुंदर काही म्हटलं नाही.

तीन आठवडे मी तो गाल मनात घेऊन वावरत होते. तू एका खांद्यानं तो उचलून बाजूला ठेवलास. मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तुमच्या आक्कांना मुंबईला आमच्या प्रयोगशाळेत बसवायला हवं. मूल दिसलं की मूल हेच कारण, असं आपण धरून चाललो होतो. खांदाही असू शकतो. विचारायला हवं.” आता वहीत ‘कुठला खांदा दुखतो’ हाही रकाना आहे. त्याच्या डोक्यावर मी बारीक अक्षरात ‘आक्का’ असं लिहिलं आहे.

येत्या महिन्यात आम्ही पवन मावळात येऊ. १३ तारखेला, रविवारी, तिकोणा पेठेत. येऊ नको म्हणायचं असेल तर आताच लिही.

तुझी
कस्तुरा

चि. नंदास वेगळी चिठ्ठी, हुस्नबानोच्या हाती, त्याच तारखेची

नंदा,

ही मोठ्यानं वाचू नकोस.

पत्राच्या कडेला तू मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस ते वाचलं: सासूबाईंना भादव्यापासून तिखट झोंबतं, कालवणाचा बटाटा पाण्यात धुऊन खातात, आणि विचारलं तर म्हणतात, दात आला असंल. त्या दोन्ही वेळा चिमूट दाढेला धरतात, निजतानाही, हेही लिहिलंस. लिहिलंस ते फार शहाणपणाचं केलंस.

घाबरू नकोस. झोंबणं म्हणजे चट्टा असू शकेल, काही नसूही शकेल. त्यांच्या डोक्याला तेल लावशील तेव्हा हात सावकाश कानामागून जबड्याखाली आण. वाटाण्यासारखं कडक काही लागतं का बघ. लागलं तर पत्रात ‘व्हय’ लिही, नाही लागलं तर ‘न्हाई’. बाकी काही लिहू नकोस.

त्यांचं ताट मात्र आहे तिथंच राहू दे.

तुझी मावशी

लोणावळा, ता. १४ फेब्रुवारी १९३८

ती. आक्का,

काल तू मला पाहिलंस आणि मी तुला. केस पांढरे झालेत तुझे, पण आवाज अजून तसाच, नदीपलीकडच्या गुराख्याला हाक घालावी तसा. त्या आवाजात तू माझ्याशी एक अक्षरही बोलली नाहीस, आणि माझ्याबद्दल मात्र दिवसभर बोललीस.

“हुस्नबानो, तिला सांग, चपला काढून आत ये म्हनावं.”

तीन हातांवर उभी होते मी. हुस्नबानोनं माझ्याकडं वळून सांगितलं, “बाई, चपला काढून आत या.”

“काढल्यात म्हणावं.”

“काढल्यात म्हनत्यात.”

“मला दिसतंय.”

हुस्नबानो परत येताना गाडीत म्हणाली, तुमच्या दोघींच्या मधी बसून माजी मान दुकली.

गावातल्या बायका येणार नाहीत अशी डॉक्टरांना भीती होती. तू दारोदार हिंडून एक्कावन्न बायका ओट्यापुढं आणून बसवल्यास. कुणी पदर तोंडाला लावला की तुझी हाक: “ए कोंडाजीची बाय, आ कर! लाज कसली? नवऱ्यापुढं दिसभर उगडंच आसतंय की तुजं!” हसून हसून डॉक्टरांना आरसा धरवेना. एका दिवसात एक्कावन्न, हे आजवर कुठं झालं नव्हतं.

मग जेवण. सगळ्यांची पानं ओट्यावर एका रांगेत, हुस्नबानोचं तुझ्या शेजारी, आणि माझं ताट लांब, एकटं, खांबाआड. तू म्हणालीस, “तिला येगळं लागतं. शिकल्याली हाय.” अख्खा ओटा हसला. मलाही हसू आलं आणि घास अडकला. तू पाणी पुढं सरकवलंस. तेव्हाही बघितलं नाहीस. पण आक्का, आंबेमोहोराचा तो भात मी तीनदा घेतला, आणि तू वाढत राहिलीस.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “आता तुम्ही, बाई.”

तुझा चेहराच बदलला. “माजं काय बगायचं?”

“सगळ्यांचं पाहिलं तेच.”

“हुस्नबानो, ह्यास्नी सांग. आदी हीच म्हनली लागट हाय. आता म्हनती तंबाखू हाय. उद्या म्हनंल भात खाऊ नका.”

डॉक्टर म्हणाले, “भातावर अजून संशय नाही.” सगळ्या हसल्या, तू हसली नाहीस. आत गेलीस आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाहीस.

मला वाटलं, राग. पण परड्यात तू हुस्नबानोला जे बोललीस ते तिनं मला गाडीत सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या पोटात बांगड्यांशिवाय काही राहत नाही. तू म्हणालीस: “माज्या तोंडात काय निगालं, तर गाव म्हनंल आईच्या ताटात जेवली म्हनून लागलं. मंग माजं ताट येगळं हुईल. आन् ती खरी ठरंल.”



आक्का, मी खरी ठरणार नाही. तुझ्या तोंडात काही नसेल तर मी खोटी आहेच, आणि काही असेल तरीही मी खोटीच आहे. आईच्या ताटातून ते आलेलं नसेल. काल एक्कावन्न बायकांत आठजणींना चट्टा निघाला. त्यांतली एकही आईच्या ताटात जेवली नव्हती. आठहीजणी चिमूट धरतात. हे मी तुझ्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांपुढं सांगायला हवं होतं. जेवत बसले. पुन्हा येईन तेव्हा सांगेन, आणि अठरा वर्षांपूर्वी मी काय केलं तेही सांगेन.

तुझी
कस्तुरा

लोणावळा, ता. १३ मार्च १९३८

ती. आक्का,

आधी आनंदाच्या गोष्टी.

हुस्नबानोच्या गालातला चट्टा विरला. तीन महिने बडीशेप चघळली तिनं. काल डॉक्टरांनी गाल ताणून, आरसा फिरवून पाहिला आणि म्हणाले, काही नाही. तिनं स्वतः पाहिलं, राजमहंमदला पाहायला लावलं, मग दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांनाही दाखवलं. नंतर हिरव्या मिरचीचा ठेचा मागवून भाकरीबरोबर खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “झोंबतं ते मिरचीचं झोंबतंय, बाई. फरक कळतो.”

दुसरी गोष्ट नंदाची. तिच्या पत्रात एकच शब्द होता. ‘न्हाई.’ तो मी उशीखाली ठेवला आहे. आता तुला सांगते: त्या शब्दाचा अर्थ, तुझ्या जबड्याखाली गाठ लागत नाही. तिखटाचं तिनंच मला कळवलं. तिला बोलू नकोस. तुझ्या डोक्याला तेल लावता लावता तिला किती धीर धरावा लागला असेल, याचा विचार कर. तुझं ताट वेगळं करणारी सून ती नव्हे. ती तुझ्या गळ्याखाली हात घालून तुला वाचवू बघणारी आहे.

‘न्हाई’ म्हणजे अजून वेळ आहे. चट्टा असेल तर तंबाखू सोडून विरेल, हुस्नबानोसारखा. नाहीच विरला तर डॉक्टर चण्याच्या डाळीएवढा तुकडा काढून भिंगाखाली बघतील. वाईट निघाला, तर मुंबईत रेडियमच्या सुया लावतात. त्यानं बऱ्या झालेल्या बायका डॉक्टरांनी मला नावानिशी सांगितल्या आहेत. तितके दिवस मी तुझ्याजवळ राहीन. शाळेतून रजा घेतली आहे, तुला न विचारता.

वाईट गोष्टही एक लिहायला हवी, लपवली तर तू ओळखशील. वडगावची एक बाई, अंबूबाई, तुझ्याच वयाची, वर्षभर कालवण धुऊन खात होती. तिनं कुणाला सांगितलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा मानेत गाठी होत्या. डॉक्टर तिच्याशी फार गोड बोलले, आणि परत येताना गाडीत एकही सिगारेट ओढली नाही.

डॉक्टरांची छाती सुधारली. गुढीपाडव्याआधी ते मुंबईला परत जाणार, वहीही जाणार. तीनशे अठ्ठ्याऐंशी बायका आहेत तीत. मी कालपासून तिची नक्कल करते आहे आणि प्रत्येक नावाला कुणीतरी हसताना ऐकू येतं. माझ्या आयुष्यात इतक्या बायका माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. या चार महिन्यांत मी सुखी होते, आक्का, हे सांगायला लाज वाटत नाही.

येत्या रविवारी, २० तारखेला, मी येते. डॉक्टर ओढ्यापलीकडं थांबतील. तू बोलावलंस तरच ओढा ओलांडतील. मी आधी ओट्यावर उभी राहून सगळ्यांपुढं माझी चूक सांगेन. त्याला तुझी परवानगी मागत नाही.

दुसऱ्या गोष्टीला मागते, आणि तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. तुझं ‘नाही’ मी लहानपणापासून ओळखते. ते एकदा निघालं की दाजींनाही परतवता आलेलं नाही. तरी मागते. माझ्याशी बोलू नकोस. माझ्याकडं बघूही नकोस, डोळे मीट हवं तर. सकाळच्या उन्हाकडं तोंड करून बस, चिमूट थुंकून टाक, चूळ भर, आणि मी दहा मोजेपर्यंत तोंड उघडं ठेव.

तुझी
कस्तुरा